ट्रॅक्टर डांबरावर चढण्याआधी

आमच्या घरात फ्रीजच्या बाजूला खिळ्याला एक निळी प्लॅस्टिकची फाईल लटकलेली असते. वर मार्करनं लिहिलंय, 'ट्रॅक्टर'. ट्रॅक्टर चालवतात मालक, म्हणजे माझे यजमान, हंगामात जोडीला एक ड्रायव्हर असतो, आणि फाईल सांभाळते मी. लग्नानंतर तुझ्या बी.कॉम.चा काय उपयोग झाला, असं माहेरी कुणी विचारलं की मी या फाईलचं नाव सांगते. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचं गाव. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि नोव्हेंबरपासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ऊस वाहतूक. हा आमचा अकरावा हंगाम.

गावात कुणी नवा ट्रॅक्टर घेतला की पेढे देऊन झाल्यावर हळूच विचारतात, "वहिनी, कागदाचं काय काय करावं लागतं?" तेच इथं लिहून काढतेय. पण कागदाच्या आधी एक रात्र सांगते, कारण माझी फाईल त्या रात्रीपासून जाड झाली.

जानेवारी होता. लग्नाहून परत येत होतो, स्कूटी मी चालवत होते, मागं सासूबाई. साडेआठ वाजले असतील. समोर रस्ता काळा, आणि त्या काळ्यातच एकदम उसाची टोकं तोंडासमोर आली. मधे ट्रॉली आहे हे कळायलाच वेळ लागला. मी ब्रेक दाबला, स्कूटी आडवी झाली, माझा गुडघा फुटला आणि सासूबाईंचं मनगट मोडलं. ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना जवळ माणूस. रात्रभर मी त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या घातल्या. सकाळी लंगडत अंगणात आले आणि आमची ट्रॉली मागच्या बाजूनं बघितली. तीही तशीच होती, नुसती काळी.

आधी एक गैरसमज

"शेतीच्या गाडीला कसलं पासिंग?" हे वाक्य मी पारावर शंभरदा ऐकलंय. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेली यंत्रं थोडीच आहेत, जसं रुळांवर चालणारी, किंवा फक्त कारखान्याच्या वा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच केलेली. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. ट्रॉलीसुद्धा बसत नाही. कायद्याच्या भाषेत ती 'ट्रेलर' आहे आणि तिची नोंदणी वेगळी करावी लागते. म्हणजे डबल ट्रॉली असेल तर तीन वाहनं, तीन नंबर, तीन आरसी. नोंदणी नसताना रस्त्यावर चालवलं तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड कायद्यात आहे, आणि पुन्हा सापडलं तर १०,००० पर्यंत किंवा वर्षभरापर्यंत कैद.

हाच नियम त्या चार जाड चाकांच्या एटीव्हीलाही आहे. माझा पुतण्या कोकणात समुद्रावर त्या गाडीतून चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काकी, आपण एक घेऊ, पाणंदीत, शेतरस्त्यात कुठंही जाते." मी विचारलं, तिला नंबर होता का? नव्हता. आपल्याकडं कुठलंही वाहन रस्त्यावर यायचं तर त्याच्या नमुन्याला आधी मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी द्यावी लागते. पुण्याची एआरएआय, मध्य प्रदेशातलं बुदनीचं ट्रॅक्टर चाचणी केंद्र, अशा त्या संस्था. ती मान्यता नसलेली गाडी शेतात, रिसॉर्टच्या आवारात फिरवा. डांबरावर आणली की ती बिननंबरी गाडी. पोलारिस कंपनीनं आपली एक एटीव्ही 'ट्रॅक्टर' म्हणून मान्यता घेऊन बाजारात आणली, म्हणून ती रस्त्यावर चालते. म्हणजे गाडी दिसते कशी याला महत्त्व नाही, तिची मान्यता कशाची आहे ते बघायचं. पुतण्याचा उत्साह गाडीची किंमत ऐकून मावळला, ते वेगळं.

ट्रॉली घेताना

ट्रॅक्टर शोरूममधून येतो, त्याचे कागद डीलर करतो. खरी भानगड ट्रॉलीत असते. आपल्याकडं गल्लोगल्ली फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, वेल्डिंग उत्तम करतात, माल मजबूत असतो. पण व्यवहार ठरवताना आपण बोलतो पत्र्याच्या जाडीवर, टायरच्या कंपनीवर आणि रंगावर. तुम्ही पहिला प्रश्न विचारा: "फॉर्म २१ आणि फॉर्म २२ देणार का?" फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे ही वस्तू नियमाप्रमाणे रस्त्यावर चालायला योग्य आहे असा बनवणाऱ्याचा दाखला. हे दोन असल्याशिवाय तुमचा नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २०, पुढं सरकत नाही. दुकानदार म्हणाला, "ते मागनं बघू," तर पैसे पण मागनं द्या.

आमची दुसरी ट्रॉली आम्ही ओळखीवर घेतली होती. चासीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर यात एका आकड्याचा फरक. सात दिसत होता तिथं एक होता. त्या एका आकड्यासाठी मालकांनी तीन चकरा मारल्या आणि हंगामाचे नऊ दिवस ट्रॉली अंगणात उभी राहिली. तेव्हापासून मी ट्रॉली ताब्यात घ्यायला स्वतः जाते, चासीवर ओला हात फिरवून धूळ पुसते, मोबाईलवर फोटो काढते आणि तिथंच कागदाशी ताडून बघते.

नंबर कुठं लिहायचा यातही चूक होते. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या डाव्या अंगाला हवा, आणि सगळ्यात शेवटच्या ट्रॉलीच्या मागं ट्रॅक्टरचा नंबर हवा. मागून येणाऱ्याला ओढणारी गाडी कुठली हे कळलं पाहिजे म्हणून. आमच्या भागात मागच्या फाळक्यावर 'आई-बाबांचा आशीर्वाद' दोन फुटी अक्षरांत असतो आणि नंबर कुठंच नसतो. आशीर्वाद राहू दे, पण नंबरला जागा ठेवा.

विमा: पॉलिसी वाचायची म्हणजे काय वाचायचं

पहिल्या वर्षी विमा एका एजंटानं करून दिला. मी पावती फाईलला लावली आणि निवांत झाले. स्कूटीच्या प्रकारानंतर पॉलिसी पहिल्यांदा उघडून वाचली, तर त्यात ट्रॅक्टरचा नंबर होता, ट्रॉल्यांचा पत्ताच नव्हता. वर्षभर आम्ही दोन ट्रॉल्या त्याच भरवशावर ओढत होतो. म्हणून तीन गोष्टी बघा.

एक, प्रत्येक ट्रॉली पॉलिसीत नंबरासकट आहे का. दोन, वापर काय लिहिलाय. 'फक्त शेतीसाठी' असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही विटा, वाळू, पाण्याचा टँकर किंवा दुसऱ्याचा ऊस भाड्यानं वाहत असाल, तर अपघातानंतर कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते. स्वतःचा ऊस स्वतःच्या ट्रॉलीतून नेणं वेगळं आणि कारखान्याशी वाहतुकीचा करार करून टनावर पैसे घेणं वेगळं. करारावर सही करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत, दोन्हीकडं स्पष्ट सांगा की आम्ही भाड्यानं ऊस वाहणार आहोत, नोंदणी आणि पॉलिसी त्याप्रमाणं हवी. कंपनीचं उत्तर ईमेलवर घ्या. फोनवर "काय होत नाही हो मॅडम" म्हणणारा माणूस अपघाताच्या दिवशी फोन उचलत नाही.

तीन, माणसं. ट्रॅक्टरला सीट एकच असते, तेव्हा माणूसही एकच. मडगार्डवर बसलेला मित्र, हुकावर उभं राहिलेलं पोर, उसावर झोपलेला मजूर, यांच्यातलं कुणी पडलं तर विमा कंपनी हात वर करते आणि कोर्टातही मालकाची बाजू लंगडी पडते. मग भरपाई तुमच्या सातबाऱ्यातून.

इथं मला जरा थांबायचंय. दरवर्षी बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. आमचीही येते. भांडी, गाठोडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळं एका ट्रॉलीत बसवून दोन-अडीचशे किलोमीटर रात्रीचा प्रवास. सगळेच असं आणतात, आम्हीही पहिली पाच वर्षं असंच आणलं. आता सामान ट्रॉलीत आणि माणसं टेम्पो ट्रॅव्हलरनं किंवा एसटीनं. टोळीचा मुकादम पहिल्या वर्षी म्हणाला, खर्च उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशातून, कापणार काय? नाही कापला. मालकांची कुरकुर झाली, पण एका बाळंतिणीला ट्रॉलीतून उतरताना मी पाहिलं होतं, मग मी ऐकलं नाही.

चालवणारा कोण

लायसन्सवर ट्रॅक्टर किंवा एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, हवं. ट्रॅक्टरचं लायसन्स असलेल्या माणसानं मागं ट्रॉली जोडली म्हणून त्याचं लायसन्स बाद ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच सांगितलंय. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवता येतं, वेगळा शिक्का लागत नाही. हे निकाल माहीत असू द्या, पण त्यांच्या जिवावर लायसन्सची तारीख संपू देऊ नका. ड्रायव्हर ठेवताना मी लायसन्सचा फोटो नाही, नंबर घेते आणि परिवहनच्या साइटवर टाकून बघते. एकदा एकाचं लायसन्स निघालं दुचाकीचं. माणूस दहा वर्षं ट्रॅक्टर चालवत होता, हात उत्तम, कागद नाही.

पोरांचं तर विचारूच नका. आमच्याकडं नववीतला मुलगा ट्रॅक्टर रिव्हर्स घेतो याचं कौतुक असतं. शेतात घेऊ दे. रस्त्यावर अठराच्या आतलं पोर सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला वय वर्षं पंचवीस होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे आकडे मी आमच्या भावकीतल्या एका आजोबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग लगीन कसं जमायचं त्याचं?" दुसऱ्या दिवसापासून किल्ली त्यांच्या कनवटीला.

मागून दिसणं

माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि यालाच खर्च सगळ्यात कमी लागतो.

चकाकणारी पट्टी तीन रंगांत मिळते. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. मान्यतेचा शिक्का असलेलीच घ्या. जत्रेतली चमकी दिवसा छान दिसते आणि रात्री हेडलाइटमध्ये मरते. दुकानात पारखायचं असेल तर मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून मारा. खरी पट्टी पेटल्यासारखी उजळते.

आता चिकटवणं. पहिल्या वर्षी आम्ही फाळका डिझेलच्या फडक्यानं पुसला आणि पट्टी लावली. चार दिवसांत सोलून आली, कारण डिझेलचा थर राहतोच. आता मी असं करते: आधी तारेच्या ब्रशनं गंज आणि माती काढते, मग साबणाच्या पाण्यानं धुते, कडक उन्हात पूर्ण वाळू देते, शेवटी थिनरच्या फडक्यानं एकदा पुसते. पट्टी एका टोकापासून लावत जाते आणि कापसाच्या बोळ्यानं दाबत हवा काढते. कोपरे गोल कापते. चौकोनी कोपऱ्यात पाचट अडकतं आणि तिथनंच ती सुटायला लागते. दोन तासांचं काम आहे. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा असतेच, आम्ही धुण्याचं आणि पट्टीचं काम त्याच्या आदल्या दिवशी उरकतो.

पण एवढं करून भागत नाही, आणि हे मला दुसऱ्या हंगामात कळलं. रिकाम्या ट्रॉलीवर पट्टी झकास दिसते. ट्रॉली भरली की ऊस मागं हात-दीड हात बाहेर येतो आणि लाल पट्टी, दिवा, नंबर, सगळं झाकून टाकतो. जेव्हा गरज तेव्हाच गायब! म्हणून भरल्यानंतर बांधायचं काहीतरी वेगळं हवं. कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टरचं कापड वाटतात. ते नुसतं घरी आणून ठेवू नका. आम्ही त्या कापडाच्या चारही कोपऱ्यांना कडी शिवून घेतली, खालच्या बाजूला लोखंडी गज घातला म्हणजे वाऱ्यानं ते उलटत नाही, आणि वरच्या कड्यांना दोरी. शेवटची मोळी चढली, वरून दोर आवळला की ड्रायव्हर हे कापड उसाच्या टोकांवरून सोडतो. उसाच्या फडातून निघण्याआधी मला त्याचा फोटो पाठवायचा, हा आमचा करार. फोटो नाही तर त्या खेपेचा भत्ता नाही. ऐकायला कडक वाटतं, पण पहिल्या आठवड्यानंतर न सांगता फोटो यायला लागले.

दिव्याचं म्हणाल तर ट्रॉलीच्या वायरला तीन शत्रू: उंदीर, कोयता आणि वळण. वळणावर वायर ताणून तुटते, म्हणून हुकाजवळ थोडी ढिली ठेवा आणि पाइपातून न्या. पहिल्या ट्रॉलीपासून दुसरीपर्यंतचा जोड हा सगळ्यात कच्चा दुवा असतो. त्याला भरवसा नको म्हणून आम्ही बॅटरीवरचे दोन लाल दिवे ठेवलेत, चुंबकानं पत्र्याला चिकटणारे. मागं लालच लावा. निळे-हिरवे लुकलुकणारे दिवे लावून ट्रॉलीचा लग्नमंडप करू नका. मागच्याला ही गाडी येतेय की जातेय तेच कळत नाही.

ब्रेक, पिन आणि वजन

हे मालकांचं खातं, पण मी ऐकून ऐकून शिकलेय. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडलं असतात, डावं डाव्या मागच्या चाकाचं, उजवं उजव्याचं. शेतात बांधाशी वळताना एकच दाबतात. त्या दोघांना जोडणारी पट्टी असते. पाणंद संपली, डांबर आलं की ती पट्टी लागलीच पाहिजे. रस्त्यावर वेगात असताना एकच पॅडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला ओढला जातो आणि मागनं ट्रॉली ढकलत येते. आमच्या ड्रायव्हरला मी एवढंच विचारते, "पट्टी?" तो पायाकडं बघून मान हलवतो.

हुकाची पिन मापाचीच हवी, तिला खाली लॉक हवं आणि जोडीला साखळी हवी. गजाचा तुकडा वाकवून पिन म्हणून घालणारे मी पाहिलेत. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडून डिझेल वाचवणारेही पाहिलेत. भरलेल्या ट्रॉलीला ब्रेक बहुतेक नसतातच, तिला धरून ठेवतं ते इंजिन. गिअर काढला की धरणारं कुणी नाही.

चढावर पुढची चाकं हलकी व्हायला लागली, स्टेअरिंग फिरतंय पण ट्रॅक्टर वळत नाही असं वाटलं, तर पुढं वजनं लावण्याआधी मागचा ऊस कमी करा. आता तुम्ही म्हणाल, पैसे टनावर मिळतात, कमी कसा भरायचा? मी एक कागद समोर ठेवते. ट्रॉलीच्या आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही छापलेलं असतं. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवरही भरलेली आणि रिकामी वजनं असतात, तारखेसकट, वेळेसकट. म्हणजे तुम्ही जादा भरला होता याचा छापील पुरावा तुम्ही स्वतःच रोज गोळा करून फाईलला लावताय. अपघात झाला तर समोरचा वकील पहिल्यांदा त्याच पावत्या मागेल. जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो. रस्त्याकडेला ऊस उतरवून पुन्हा भरायला टोळी काय मागते ते एकदा विचारून बघा. आम्ही मोळ्या मोजून भरतो. दोन खेपांच्या पावत्या ताडून बघितल्या की आपल्या ट्रॉलीत किती मोळ्यांना किती टन बसतात याचा अंदाज येतो.

रस्त्यावर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदीच आहे. आमच्याकडं पेठ नाक्याला पुणे-बंगळूर महामार्ग लागतो. सेवा रस्ता असेल तिथं सेवा रस्त्यानंच जायचं, आणि दुभाजकातला पुढचा कट लांब आहे म्हणून उलट्या बाजूनं घुसायचं नाही. हे सांगणं सोपं आहे, मला माहितेय. दोन किलोमीटरचा वळसा, मागं कारखान्यावरच्या रांगेतला नंबर निघून जायची भीती. तरीही उलटं आलेल्या ट्रॅक्टरला समोरच्या गाडीवाल्याच्या डोक्यात जागाच नसते.

ओल्या फडातून बाहेर पडताना चाकाला मणभर चिखल येतो आणि तो डांबरावर सांडतो. दुपारी वाळून धूळ होते, पण पहाटे दवात त्याचं लोणी होतं आणि दूधवाले घसरतात. ट्रॉलीत एक फावडं असू द्या, तोंडावरच चाकं खरवडा, रस्त्यावर पडलेलं बाजूला ओढा. पाच मिनिटं लागतात.

आणि गाणी. मोठ्या स्पीकरवर गाणी लावली की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, दुसऱ्या ट्रॉलीचा टायर फुटला तरी कळत नाही. मी स्पीकर काढायला लावला म्हणून एक ड्रायव्हर काम सोडून गेला. आठ दिवसांनी परत आला. उचल फिटली नव्हती. आता छोटा रेडिओ आहे, त्यावर बातम्या लागतात असं तो दुःखानं सांगतो.

बंद पडली तर

पंक्चर झालं, एक्सल तुटला, तर पहिलं काम जॅक शोधणं नाही. शक्य असेल तर गाडी साइडपट्टीवर घ्या. मग मागं तिकोनी रिफ्लेक्टर ठेवा, ट्रॉलीला चिकटून नाही, चांगली पन्नास-साठ पावलं मागं, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडं. मग चुंबकाचे दिवे. एक माणूस बॅटरी घेऊन मागं उभा. ट्रॉली रात्रभर तिथं राहणार असेल तर माणूसही रात्रभर, आणि पोलिसांना ११२ वर कळवायचं.

दगडांबद्दल मला फार राग आहे. गाडीभोवती दगड मांडायची आपल्याकडं पद्धत आहे. दगड अंधारात दिसत नाहीत, आणि ट्रॉली निघून गेली तरी दगड तिथंच राहतात. चाकाला लावलेला तर हमखास राहतो, कारण ट्रॅक्टर पुढं सरकल्यावर उतरून मागं जायचा कंटाळा. आम्ही चाकाला लावायला बाभळीच्या लाकडाचे दोन तिरके ठोकळे करून घेतलेत, पिवळा रंग दिलाय आणि साखळीनं ट्रॉलीलाच बांधलेत. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाहीत, फरफटत मागनं येतात आणि आवाज करतात.

आणि तरी काही झालंच तर

पळून जायचं नाही. जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी ड्रायव्हरची आहे, १०८ ला फोन करा. जमाव अंगावर आला तर बाजूला होऊन जीव वाचवायची मुभा कायद्यातच आहे, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर जायचं, उशिरात उशिरा चोवीस तासांत. विमा कंपनीलाही कळवायचं: पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, कुणाला लागलं, ड्रायव्हर कोण. मी हे सगळं एका कागदावर रकाने करून ठेवलंय, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. फाईलच्या पहिल्याच कप्प्यात तो कागद, आणि त्याची झेरॉक्स ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाकी आरसी, विमा, लायसन्स डिजिलॉकरमध्ये मालकांच्या आणि ड्रायव्हरच्या, दोघांच्याही मोबाईलवर. मालकांचा मोबाईल रात्री नऊनंतर चार्जिंगला लावलेला असतो आणि मालक फडात, म्हणून दोघांच्या.

नूतनीकरणाची कामं पट्टा पडल्यावर एप्रिल-मे मध्ये उरकून घ्या. ऑक्टोबरात अख्खा तालुका एकदम जागा होतो. आमच्या पहिल्या ट्रॉलीचा विमा १४ मे ला संपतो, ते मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलंय.